एवढं मोठं आवार असताना

टिटवाळ्याच्या बाजूला बंगले बांधून राहायला आलेले लोक मला हमखास एक गोष्ट ऐकवतात. "ताई, आवार केवढं आहे बघा. दिवसभर मोकळाच असतो. त्याला वेगळं काय फिरवायचं?" मग मला फोन कशाला केला, असं मी विचारत नाही. त्या मोकळ्या कुत्र्याने दूधवाल्याला धरलेलं असतं, शेजाऱ्यांनी भुंकण्यावरून भांडण काढलेलं असतं, नाहीतर तो स्वतःचंच शेपूट चावून रक्तबंबाळ करत असतो. त्याशिवाय माझा नंबर कोणी शोधत नाही.

आवारात शिरले की मी आधी कुंपणाची भिंत बघते. भिंतीला लागून हातभर रुंदीचा पट्टा असतो. तिथे गवत उगवत नाही, माती तुडवून तुडवून टणक झालेली असते. गेटपाशी तो पट्टा रुंद होतो. बाकी लॉन हिरवंगार, जास्वंद, मोगरा, झोपाळा, सगळं जागच्या जागी. एवढ्या मोठ्या जागेतली कुत्र्याने वापरलेली जागा तेवढीच. तो गेटपाशी बसून असतो. बाहेरून कोणी गेलं की भिंतीच्या कडेने शेवटच्या खांबापर्यंत भुंकत धावतो आणि परत येऊन बसतो. मालक याला व्यायाम म्हणतात. मग मी कुत्र्याचा पुढचा पाय उचलून नखं बघते. रस्त्यावर चालणाऱ्या कुत्र्याची नखं सिमेंट-डांबरावर आपोआप झिजतात. बंगल्यातल्या कुत्र्याची वाढलेली असतात, फरशीवर चालताना टकटक वाजतात, आणि अंगठ्याचं नख तर कधी कधी वळून मांसात रुतलेलं असतं.

मी मोहन्याची. वडील एनआरसीत, म्हणजे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनमध्ये होते. माझं बालपण कंपनीच्या कॉलनीत गेलं. २००९ मध्ये कंपनी बंद पडली आणि घराघरात जे व्हायचं ते झालं. कोणी रिक्षा घेतली, कोणी भाजीची गाडी लावली, कोणी थकलेल्या पैशांची वाट बघत बसला. मी कल्याणला जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागले. इंजेक्शन देताना कुत्रा धरायचा, टेबल पुसायचं, गोचीड काढायचे. तिथे येणाऱ्या एका काकूंनी विचारलं, "आम्ही लग्नाला जातोय, दोन दिवस याला खाली नेऊन आणशील का?" तिथून हा धंदा सुरू झाला. गल्लीत बोलणाऱ्यांनी बोलून घेतलं. बाप कंपनीत होता आणि पोरगी लोकांची कुत्री फिरवते, जुन्या वर्तमानपत्राच्या कागदात शी उचलते. आता त्यांच्यातल्याच दोघातिघांकडे कुत्री आहेत आणि सुट्टीत तेच मला फोन करतात.

खरं शिक्षण मात्र कॉलनीतल्या कुत्र्यांनी दिलं. क्वार्टर एकेक करत रिकामी होत गेली. कोणी खानदेशात गावी परतलं, कोणी कोकणात, कोणी थेट उत्तर प्रदेशात. सामान टेम्पोत चढलं, कुत्री राहिली. त्यांचे हाल झाले असतील असं वाटेल, पण खाण्यापिण्याचे तसे झाले नाहीत. उरलेल्या घरांतल्या बायका भात-भाकरी घालायच्या. पावसाला पडक्या क्वार्टरांचे व्हरांडे होते, उन्हाला झाडं होती, पळायला मैदान होतं. कोणत्याही बंगलेवाल्याला परवडणार नाही एवढं आवार त्यांना मिळालं होतं. तरी पहाटेच्या लोकलसाठी आंबिवली स्टेशनकडे निघालेल्या माणसामागे ही कुत्री रांगेने चालायची. पोळीची आशा म्हणाल, तर डबा उघडून पोळी टाकणारा एखादाच. बाकीचे हाड्‌ हाड्‌ करत जायचे. तरीही ती जायची.

एक तपकिरी कुत्री होती, डावा कान अर्धा तुटलेला. मी संध्याकाळी दोन पाळीव कुत्री घेऊन निघाले की ती कुठूनशी येऊन मागे लागायची. पट्ट्यातल्या कुत्र्यांशी खेळायची नाही, माझ्याकडे काही मागायची नाही. मी थांबले की थांबायची, वळले की वळायची. पुढच्या टोळीची हद्द सुरू झाली की रस्त्याच्या कडेला बसकण मारायची आणि मी परत येईपर्यंत तिथेच. मग पुन्हा मागे. मोकळ्या जागेचा तिला तोटा नव्हता. आपल्या माणसाबरोबर कुठेतरी जायचं आणि परत यायचं, हे तिला हवं होतं. तिला बघितल्यापासून "मोकळाच असतो" हे वाक्य मला पटेनासं झालं.

दिवाळीनंतर घाट उतरून आलेले धनगर मुरबाड रस्त्याला दिसतात. त्यांची कुत्री बघा. मेंढरांच्या बाजूने दिवसभर चालतात, संध्याकाळी वाड्याच्या कडेने पसरतात, आणि परक्या माणसाला एकदाच, पण असं गुरकावतात की पाऊल जागीच थांबावं. कुत्रा माणसाच्या सोबतीला आला तो हजारो वर्षांपूर्वी, चालत्या माणसाबरोबर. कंपाउंडची भिंत फार अलीकडची.

रॉकी नावाचा एक जर्मन शेफर्ड होता. पिल्लू असताना गाडीतून आणलेला, त्यानंतर फक्त डॉक्टरकडे आणि तेही गाडीतूनच. दोन वर्षांचा घोडा झाला तरी गेटबाहेरच्या रस्त्यावर त्याचा पाय पडलेला नव्हता. पहिल्या दिवशी मी गेट उघडलं. एवढा भुंकणारा कुत्रा, पण पुढचे दोन पाय बाहेर आणि मागचे दोन आत, असा उभा राहिला. शेपूट पोटाखाली. समोर गटारावर सिमेंटचं भोकांचं झाकण होतं. त्यावरून जावं की नाही, हे त्याला ठरवता येईना. मान लांब करून भोकात नाक घालायचा, दचकून मागे यायचा, पुन्हा नाक. मी पट्टा सैल सोडून उभी राहिले. शेवटी त्याने अंग जमिनीला टेकवल्यासारखं करून झाकण पार केलं आणि पलीकडच्या विजेच्या खांबाला गाठलं. तो खांब त्याने खालून वर, वरून खाली, चारी बाजूंनी असा हुंगला की आम्ही त्या दिवशी पुढे गेलोच नाही. वरून बाल्कनीतून साहेबांचा आवाज, "ताई, चालवा ना त्याला! उभं राहायचे पैसे देतोय का?" रात्री त्यांचाच फोन आला. आवाज घाबरलेला. "अहो, तो उठत नाहीये. आजारी पडला का?" आजारी कुठला, दमून गाढ झोपला होता. ते घर बांधल्यापासून कुत्रा रात्री भुंकला नाही अशी ती पहिलीच रात्र, असं बाई मला नंतर म्हणाल्या.

खांबाएवढ्या अंतरात कुत्रा दमतो कसा, हे कळायला त्याच्या नाकाकडे बघावं लागतं. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी ५० ते ६० लाख. कुत्र्याच्या नाकात, जातीप्रमाणे, २० ते ३० कोटींपर्यंत. नाकपुडीच्या बाजूला चीर असते, श्वास सोडताना हवा तिथून बाहेर पडते आणि आत येणाऱ्या वासाला धक्का लागत नाही. टाळूच्या वर आणखी एक इंद्रिय असतं, दुसऱ्या जनावराने अंगातून सोडलेली रसायनं त्यात कळतात. त्या खांबावर नर मुतून गेला की मादी, ती माजावर आहे का, ओळखीतली आहे की नवीन, हे सगळं तो काढत असतो, आणि ते डोक्याचं काम आहे. घरच्या लॉनवर काय असतं? त्याचा स्वतःचा वास, माळ्याचा वास, कालचाच मोगरा. म्हणून मी किलोमीटर मोजत नाही. धावण्याची चड्डी घालून कुत्र्याला ओढत नेणारे तरुण खडकपाड्याला रोज दिसतात. कुत्र्याने मान खाली घातली की यांनी पट्टा खेचलाच. त्यांचा व्यायाम होतो, कुत्र्याचं फिरणं होत नाही. माझी कुत्री मासळीवालीच्या जागेपाशी थांबतात, तिची पाटी सकाळीच उचलली गेलेली असली तरी. तिथे त्यांना थांबू द्यायचं. नदीच्या बाजूला गेलो तर उल्हासच्या काठी जलपर्णीचा आणि चिखलाचा वास असतो, त्यात त्यांना काय सापडतं ते त्यांनाच ठाऊक.

आपल्याकडे याबाबत कायदा आहे हे फार थोड्यांना माहीत असतं. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा केंद्राचा कायदा. राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी लावून धरल्यामुळे तो पुढे आला. त्याच्या ११ व्या कलमात क्रूरता कशाला म्हणायचं याची यादी आहे. आखूड किंवा जड साखळीने जनावर अवाजवी काळ बांधून ठेवणं त्यात आहेच, पण त्यापुढे कुत्र्यासाठी वेगळं पोटकलम आहे: कायम साखळीने बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हाही मालकाचा गुन्हा. हे मी एका शेठना सांगितलं. त्यांचा डॉबरमन दिवसा जिन्याखाली साखळीला आणि रात्री आवारात सुटा असायचा. शेठनी दंड किती ते विचारलं. पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये. शेठ एवढे हसले की चहा सांडला. "पन्नासची नोट आत्ताच घेऊन जा, ताई." कायदा केला तेव्हा त्या रकमेला किंमत होती, आता ती चेष्टा झाली आहे.

त्याच शेठचा दुसरा मुद्दा मात्र हसण्यावारी नेता येत नाही, कारण तो आमच्या भागात सगळ्यांच्या डोक्यात बसलेला आहे. कुत्रा बाहेर नेला, चार माणसांत फिरवला, तर तो माणसाळेल आणि राखण करणार नाही. मला दिसलं ते उलटं. कधीच बाहेर न गेलेल्या कुत्र्याला सगळंच परकं असतं. छत्री, सायकल, फुगेवाला, बुरखा, कावड, रंगपंचमीची पोरं, सगळ्यांवर तो सारखाच भुंकतो. मग घरातले त्याच्या भुंकण्याकडे लक्ष देणं सोडून देतात, आणि खरोखर कोणी भिंत चढून आला तरी "गप रे" एवढंच होतं. रोज फिरणाऱ्या कुत्र्याला रस्त्यावर काय नेहमीचं असतं ते माहीत होतं. तो रात्री दोन वाजता भुंकला तर माणूस उठून दिवा लावतो. शेठना पटलं नाही. डॉबरमनला त्यांच्या ड्रायव्हरने फिरवायला सुरुवात केली, तीही शेठ परगावी असतील तेव्हाच. तेवढं तर तेवढं.

पिल्लांच्या बाबतीत मी जरा कडक आहे. अमेरिकेत बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून बघितली आणि १९६५ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या डोक्याची दारं उघडी असतात. त्या काळात जे भेटलं ते आपलं. नंतर भेटलेल्याची आधी भीती. पंचाईत अशी की लशी पुऱ्या व्हायलाही तेवढाच काळ लागतो आणि पार्व्होच्या भीतीने डॉक्टर जमिनीवर सोडू नका म्हणतात, ते बरोबरच आहे. मग मी पिल्लू कापडी झोळीत घालते आणि स्टेशनजवळ नेऊन उभी राहते. लोकल जाते, मेल जाते, मालगाडी तर संपतच नाही. पिल्लू पहिल्यांदा झोळीत तोंड खुपसतं, मग एक डोळा काढतं, मग कान. तीन-चार फेऱ्यांनंतर गाडी गेली तरी त्याचं लक्ष माझ्या हातातल्या पावाकडे. २०२० च्या टाळेबंदीत घेतलेल्या पिल्लांना हे मिळालं नाही. घरात सगळे चोवीस तास हजर, बाहेर कोणीच नाही. पुढे ऑफिसं सुरू झाली, घर रिकामं झालं, आणि दार-सोफे कुरतडल्याच्या तक्रारींनी माझा फोन तापला. त्या वर्षीची कुत्री अजूनही ओळखू येतात. जिन्यात कोणी शिंकलं तरी दचकतात.

पावसाळ्यात कामाची खरी कसोटी. आमच्याकडे पाऊस म्हणजे नुसती रिपरिप नसते. २०१९ मध्ये आणि २०२१ मध्ये उल्हास गावात शिरली होती. साचलेल्या पाण्यातून कुत्रा नेला तर लेप्टोची भीती. तो आजार उंदरांच्या मुतातून पसरतो आणि कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो, म्हणून लस वेळेवर हवी आणि डबकी टाळायची. घरी आलं की बोटांच्या बेचक्या कोरड्या फडक्याने पुसायच्या, नाहीतर तिथे बुरशी धरते. कान, काखा आणि शेपटीखाली गोचीड बघायचे. गोचिडाने येणाऱ्या तापात कुत्रं दोन-चार दिवसांत खंगतं, दवाखान्यात मी अशी किती बघितली. एवढ्या कटकटीपेक्षा चार महिने आवारातच राहू दे, असं म्हणणारे बरेच. त्यांचे फोन श्रावणात येतात. चप्पल फाडली, कुंडी उपटली, पोराच्या अंगावर गुरकावला. उन्हाळ्यात मला काही समजावून सांगावं लागत नाही. भर दुपारी मालकाला चप्पल काढून डांबरावर उभं करते. पाच सेकंदांत ते पाय उचलतात.

भटक्या कुत्र्यांची भीती हे न फिरवण्याचं आणखी एक कारण, आणि ते खोटं नाही. कॉलनीच्या बाजूची टोळी वेगळी, गाळेगावची वेगळी, नाक्यावरची वेगळी. अंगावर आले तर पळायचं नाही. आपलं कुत्रं उचलूनही घ्यायचं नाही, मग ते तुमच्यावर उड्या मारतात. वाकून दगड घेतल्यासारखं केलं तरी बहुतेक मागे सरतात, घ्यावा लागत नाही. पण यापेक्षा ओळख बरी. रोज एकाच वेळी, एकाच बाजूने, न घाबरता गेलात की महिन्याभरात ते मान वर करून बघतात आणि पुन्हा झोपतात. ज्याचा कुत्रा वर्षातून दोनदा बाहेर पडतो त्याच्यावरच सगळी टोळी धावते.

आता माझ्याच पोटावर पाय देणारी गोष्ट. कल्याणला एका मोठ्या टॉवरमध्ये एक गोल्डन रिट्रीव्हर होता. सकाळ-संध्याकाळ मीच न्यायचे, महिन्याचे पैसे पहिल्या तारखेला हातात, तक्रार नाही. कुत्रा माझ्याबरोबर मजेत. घरी सोडला की मात्र दाराशी जाऊन भिंतीकडे तोंड करून पडायचा. आत दोन मुलं, आई-वडील, आजी. सगळे प्रेमळ, सगळे आपापल्या फोनमध्ये. कुत्र्याचं सगळं वेळच्या वेळी होत होतं, फक्त ते घरातलं कोणी करत नव्हतं. हळूहळू त्याच्या लेखी घरची माणसं म्हणजे जेवण येण्याची जागा झाली आणि सोबत म्हणजे मी, जी तासाभरात निघून जाते. मी धाकट्या मुलाला पट्टा धरायला शिकवला. आठवड्यात चार दिवसच येईन म्हटलं, नंतर दोन. वडील चिडले, "पैसे वाढवून हवेत का?" नको होते. तेव्हापासून नव्या घरी माझी अट असते की रविवारी मी येणार नाही, घरातल्याच कोणीतरी न्यायचं. अट ऐकून काही जण दुसरा माणूस बघतात. तो कल्याणचा मुलगा आता कॉलेजात आहे, कुत्रा त्याच्या स्कूटरचा आवाज खालच्या मजल्यावर ओळखतो, आणि त्या घरचं माझं काम पूर्ण सुटलं.

म्हातारी कुत्री हल्ली माझ्याकडे जास्त आहेत, कारण सुरुवातीला धरलेली घरं आणि कुत्री दोन्ही माझ्याबरोबरच वयाने वाढली. परवा एका लॅब्रॅडॉरच्या घरी बोलणं झालं. तेरा वर्षांची कुत्री, मागचे पाय अधू झालेले, जिना उतरताना कण्हते. "पुढच्या महिन्यापासून नको, ताई," काकू म्हणाल्या, "तिला आता बाल्कनी बस्स." मी म्हटलं, ओळखीचा रिक्षावाला आहे, संध्याकाळी तिला उचलून नदीच्या बाजूला नेते, सतरंजीवर बसवते, तासाभराने आणून सोडते. काकांनी चष्मा वर केला. "म्हणजे ती चालणार नाही, तुम्ही चालणार नाही, आणि पैसे फिरवण्याचे?" मी म्हटलं, रिक्षाचे वेगळे. पुष्कळ घासाघीस झाली. शेवटी निम्म्या पैशांवर ठरलं, रिक्षाभाडं त्यांचं, आणि काकूंनी आपणही एखाद दिवशी येऊ म्हणून सांगितलं, सतरंजीवर जागा असेल तर.